शुक्रवारचा दिवा, मलिद्याचे ताट आणि मुलांचे प्रश्न

या महिन्यात सदराकडे आलेली बहुतेक पत्रे एकाच काळजीतून लिहिलेली आहेत. सिनेगॉगपासून, म्हणजे आपल्या प्रार्थनामंदिरापासून, लांब आणि समाजाच्या वस्तीपासूनही लांब राहणाऱ्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदी, कुटुंबात मुलांना आपला धर्म आणि आपली रीत कशी शिकवावी, ही ती काळजी. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार गाळली आहेत.

ठाण्याहून एक आई लिहितात: आम्ही दोघेही नोकरी करतो. मुलगा सात वर्षांचा आणि मुलगी चार वर्षांची आहे. मुलाच्या शाळेत दुसरे एकही यहुदी मूल नाही आणि सिनेगॉगमध्ये आमचे जाणे महिन्यातून एखाद्या वेळी होते. माझ्या आजीला सगळे पाठ होते, मला त्यातले निम्मेही येत नाही. जे मलाच येत नाही ते मुलांना काय शिकवणार, या विचाराने मी काहीच सुरू करत नाही. सुरुवात कुठून करावी?

उत्तर: ताई, सुरुवात शुक्रवारी संध्याकाळी करा आणि पहिले सहा महिने दुसरे काहीही हाती घेऊ नका.

‘मला येत नाही’ ही अडचण तुमच्या एकटीची नाही. आपल्या सगळ्या समाजाचा इतिहास त्या अडचणीतूनच आला आहे. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि पोथ्या समुद्राने नेल्या, अशी परंपरा आपण लहानपणापासून ऐकतो. त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या कोकणातल्या आपल्या पूर्वजांजवळ तोराची, म्हणजे आपल्या धर्मग्रंथाची, गुंडाळी नव्हती, सिद्दूर हे प्रार्थनेचे पुस्तक नव्हते, शिकवणारा गुरू नव्हता. त्यांच्याजवळ शनिवारी घाणा बंद ठेवण्याचा नेम होता, ज्यामुळे गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत असे. आठव्या दिवशी मुलाची सुंता करण्याचा नेम होता आणि ‘शेमा यिस्राएल’ ही एक प्रार्थना होती, जी ते सुंतेला, लग्नाला आणि मरणालाही म्हणत. दाविद राहाबी नावाचे विद्वान कोकणात आले तेव्हा त्यांनी घरातल्या बायकांपुढे निरनिराळी मासळी ठेवली आणि बायकांनी पर व खवले नसलेली मासळी बाजूला काढली, त्यावरून हे लोक कोण आहेत हे त्यांना पटले, अशी कथा आहे. राहाबी कोणत्या शतकात आले याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण कथेतला मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. परीक्षा घेतली गेली ती स्वयंपाकघरात, आणि ज्या बायकांना हिब्रूचे एक अक्षरही वाचता येत नव्हते त्या तिच्यात उत्तीर्ण झाल्या. तुमच्या आजीच्या आजीपेक्षा तुमच्याजवळ आज कितीतरी जास्त साधने आहेत.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगते. गुरुवारी रात्री मूठभर काळ्या मनुका पाण्यात भिजत घाला आणि हे काम मुलाला द्या. शुक्रवारी त्या कुस्करून, गाळून सरबत करा. आपल्याकडे द्राक्षरसाच्या जागी किद्दूशसाठी, म्हणजे जेवणापूर्वी पेल्यावर म्हणायच्या प्रार्थनेसाठी, हेच सरबत वापरण्याची रीत आहे आणि बाजारातल्या बाटलीपेक्षा मुलांना त्याची गोडी जास्त लागते, कारण त्यात त्यांचा हात असतो. दोन पाव किंवा दोन पोळ्या स्वच्छ कापडाखाली झाकून ठेवा. दोनच का, असे मूल विचारील. रानात मान्ना, म्हणजे आकाशातून उतरणारे अन्न, पडत असे तेव्हा शुक्रवारी दुप्पट मिळे, म्हणून शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून सुरू होणाऱ्या विश्रांतीच्या दिवशी, लोकांना बाहेर पडावे लागत नसे, एवढीच गोष्ट सांगा.

दिव्याबाबत मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. शब्बाथचा दिवा सूर्यास्ताच्या आधी, सामान्यतः १८ मिनिटे आधी, लावायचा असतो. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि तुम्ही तेव्हा लोकलमध्ये असाल. सूर्यास्तानंतर दिवा लावणे म्हणजे शब्बाथच्या नावाने शब्बाथ मोडणे होय, म्हणून तसे करू नये. त्या दिवसांत घरी जे आधी येतील त्यांनी, म्हणजे यजमानांनी किंवा सासूबाईंनी, दिवा लावावा. पुरुषाने लावला तरी चालतो. कोणालाच जमले नाही तर तेवढ्या आठवड्यापुरता दिवा राहू द्या, पण किद्दूश आणि जेवण सोडू नका. ज्यांच्याकडे जुना काचेचा पेला आहे त्यांनी त्यात पाणी, वर खोबरेल आणि तरंगती वात अशी आपली पद्धत जरूर ठेवावी. विजेचे दिवे लखलखत असतानाही ती लहानशी वात मुलांची नजर धरून ठेवते, हे मी स्वतःच्या घरी पाहिले आहे.

जेवायला बसण्यापूर्वी दोघांनी मुलांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यावा. मुलीला सारा, रिबका, राहेल आणि लेआ यांच्यासारखी होण्याचा आशीर्वाद असतो आणि मुलाला एफ्राइम व मनश्शे यांच्यासारखा होण्याचा. मुलाच्या आशीर्वादात अवराहाम, इसहाक, याकोब का नाहीत, याचा तुम्ही विचार करून पाहा. योसेफाचे हे दोन मुलगे मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, जन्मले आणि तिथेच वाढले. आजोबा याकोब यांचे कुटुंब दूर, भोवती भाषा परकी आणि देव परके. तरीही ते आपल्या कुळाचे राहिले आणि याकोबाने त्यांच्याच नावाने पुढच्या पिढ्यांना आशीर्वाद देण्यास सांगितले. ज्या शाळेत दुसरे यहुदी मूल नाही अशा शाळेत जाणाऱ्या तुमच्या मुलासाठी याहून नेमका आशीर्वाद कोणता असेल? हिब्रू शब्द पाठ होईपर्यंत तो मराठीत द्या. तो मराठीत दिल्याने त्याचे वजन कमी होत नाही.

शेमाच्या पुढच्या ओळींत मुलांना शिकवण्याची आज्ञा आहे. ती कुठे आणि केव्हा शिकवायची हेही तिथे सांगितले आहे: घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. या चार वेळांमध्ये वर्गाचा उल्लेख नाही. रात्री मुले निजताना शेमाची पहिली ओळ त्यांच्यासोबत म्हणा आणि सकाळी उठल्यावर ‘मोदे आनी’ म्हणा. मुलगी ‘मोदा आनी’ म्हणेल. ‘जीव परत दिलास म्हणून मी तुझे आभार मानते’, एवढाच तिचा आशय आहे. तीत देवाचे नाव घेतलेले नसल्यामुळे हात धुण्यापूर्वी अंथरुणातच ती म्हणता येते. चार वर्षांच्या मुलीला दिवसाचा पहिला शब्द आभाराचा असतो हे कळले, तर सहा महिन्यांत तुमचे बरेच काम झाले असे मी म्हणेन.

अलिबाग तालुक्यातून एक ज्येष्ठ वाचक लिहितात: माझा मुलगा वीस वर्षांपूर्वी इस्राएलला गेला. नातवंडे अश्दोदला वाढली आहेत. गेल्या वर्षी ती इथे आली तेव्हा घरात मलिदा केला. थोरला नातू म्हणाला की हे त्याच्या शाळेत कोणीच करत नाही, तेव्हा हे यहुदी नसून ‘हिंदी’ आहे. मी त्याला उत्तर देऊ शकलो नाही. आपले मलिद्याचे ताट खरोखरच धर्माबाहेरचे आहे का?

उत्तर: काका, तुमच्या पत्रातले दुःख मला समजते, आणि ते आजचेही नाही. १९६० नंतरच्या काही वर्षांत इस्राएलमध्ये बेने इस्राएलांच्या लग्नांबाबत शंका घेतल्या गेल्या. त्याविरुद्ध आपली माणसे धरणे धरून बसली आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेने बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी आहेत असे ठरवले. तुमच्या नातवाच्या मनात तसला काही दुजाभाव नाही. त्याने पाहिले नाही म्हणून तो विचारतो, आणि विचारणारे मूल हे शिक्षणाच्या दृष्टीने सगळ्यांत सोयीचे मूल असते.

मलिद्याचे ताट उलगडून पाहू. मध्ये गोड केलेले पोहे, त्यांत ओले खोबरे, गूळ किंवा साखर आणि वेलची. भोवती खजूर, केळी आणि इतर फळे, शिवाय एखादी सुवासिक पाने किंवा फुले. ‘मलिदा’ हा शब्द फारसीतून आला आहे आणि दर्ग्यांतही मलिदा होतो, हे लपवण्याचे काही कारण नाही. शेजाऱ्याकडून शब्द आला, भांडे आले, पोहे तर इथल्या भाताचेच. पण ताटापुढे आपण काय म्हणतो? एलियाहू हानाबी या संदेष्ट्याचे गीत म्हणतो. ते गीत जगभरातल्या यहुदी घरांत शब्बाथ संपताना म्हटले जाते आणि तुमच्या नातवालाही ते नक्की येत असेल. ‘वेयित्तेन लेखा’, म्हणजे इसहाकाने याकोबाला दिलेला दहिवराचा आणि धान्याचा आशीर्वाद, हाही तोरातला आणि शनिवारी रात्री इतरत्रही म्हटला जाणारा. मग एकेक पदार्थ उचलून त्याच्या त्याच्या बेराखा, म्हणजे आशीर्वचने, म्हटल्या जातात.

या बेराखांतच शिकवण्यासारखे फार काही आहे. झाडाच्या फळाची बेराखा वेगळी, जमिनीच्या पिकाची वेगळी, पोह्यांची वेगळी आणि सुवासाची वेगळी. खजूर झाडाचा. केळे मात्र जमिनीचे! असे का, हे तुमच्या नातवाला शाळेत कदाचित पाठ करून घेतले असेल, पण तुम्ही ते वाडीत दाखवू शकता. केळीचा घड उतरला की ते खोड कापून टाकतात, पुढचे केळफूल दुसऱ्या पोगराला येते. ज्याचे खोड वर्षानुवर्षे उभे राहून पुन्हा फळत नाही त्याला आपले शास्त्र झाड म्हणत नाही. नातवाला बेराखा हिब्रूत नेमकी म्हणता येईल आणि तिच्यामागचे कारण तुमच्या परसात उभे असेल. आजोबा आणि नातू दोघांनाही एकमेकांची गरज पडावी, असे शिक्षण मला सगळ्यांत उत्तम वाटते. माणसाने दिवसाला शंभर बेराखा म्हणाव्यात असे तालमूद हा आपल्या गुरूंचा ग्रंथ सांगतो. मलिद्याचे एक ताट त्यांतल्या बऱ्याचशा एका बैठकीत म्हणवून घेते.

पुढच्या वेळी मुले आली की त्यांना अलिबागजवळच्या खंडाळ्याला घेऊन जा. एलियाहू हानाबींच्या रथाच्या चाकाची खूण म्हणून आपण जो खडक दाखवतो तो त्यांनी पाहावा. खूण कशी पडली यावर वाद घालू नका. एलियाहूसाठी सुंतेच्या वेळी खुर्ची ठेवतात, पेसाहच्या, म्हणजे मिसरातून झालेल्या सुटकेच्या सणाच्या, रात्री पेला भरून ठेवतात, हे मुलांना ठाऊक असते. ज्याची वाट जगभरचे यहुदी पाहतात तो आपल्या गावात थांबून गेला अशी आपल्या पूर्वजांची श्रद्धा होती, एवढे त्यांना सांगावे. तोपर्यंत दर शुक्रवारी दूरध्वनीवर तुम्ही ‘शब्बाथ शालोम’ म्हणा आणि एखादी जुनी कोकणी रीत सांगा. रोश हाशाना या नववर्षाच्या सणाला आपण नव्याचा सण म्हणत असू, योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसाला दारफळणीचा सण, तिशा बेआबच्या उपासाला बिरड्याचा रोजा. ही नावे कोणत्याही हिब्रू पाठ्यपुस्तकात मिळणार नाहीत. ती तुमच्याकडून गेली नाहीत तर कोणाकडूनही जाणार नाहीत.

मुंबईहून एक वडील विचारतात: माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. गेल्या वर्षी त्याची बार मित्स्वा, म्हणजे तेराव्या वर्षीचा धर्मविधी, झाली. तो हिब्रू भराभर वाचतो, पण एका वाक्याचाही अर्थ त्याला सांगता येत नाही, आणि बार मित्स्वानंतर त्याने सिद्दूर उघडलेले नाही. हे शिक्षण वाया गेले असे समजावे का?

उत्तर: वाया गेले नाही, पण अर्धवट राहिले, आणि ते अर्धवट ठेवण्यात आपला सगळ्यांचाच हात आहे. मी स्वतः अनेक वर्षे रविवारचा हिब्रू वर्ग चालवला आणि त्या वर्गात मुलांकडून वाचन घोटून घेण्यात मी जितका वेळ दिला, त्याच्या चौथाई वेळही अर्थाला दिला नाही, याची मला आज खंत वाटते. ‘पिर्के आवोत’ या गुरुवचनांच्या ग्रंथात तेरावे वर्ष हे आज्ञांची जबाबदारी घेण्याचे म्हटले आहे. आपण मात्र त्याला निरोप समारंभासारखे वागवतो.

आपल्या समाजात अर्थ शिकवण्याची परंपरा जुनी आहे, आणि ती मराठीत आहे, हे तुमच्या मुलाला कळले पाहिजे. मुंबईचे ‘शाआर हाराहमीम’ सिनेगॉग १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी उभारले. पुढच्या शतकात कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी आपल्या लोकांना प्रार्थना आणि विधी शिकवले. १८३२ मध्ये जॉन विल्सन या मिशनऱ्याने मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. त्यांचा हेतू वेगळा होता, पण आपल्या लोकांनी त्यातून भाषा घेतली आणि धर्म आपलाच ठेवला. १८४६ मध्ये मुंबईत हिब्रू आणि मराठी अशी दोन्ही भाषांतली हाग्गादा, म्हणजे पेसाहच्या रात्री वाचायची पोथी, निघाली आणि १८७४ मध्ये पुण्यात दुसरी. पुण्याच्या हाग्गादेत आपल्याच वेशातल्या बायका बसून पेसाहची बिनखमिराची भाकर करताना दाखवल्या आहेत. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी तर आयुष्यभर एकामागून एक प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत इस्राएली शाळा काढली, तीच पुढे माझगावची एली कदूरी शाळा झाली. आज तिथे बहुसंख्य मुले इतर धर्मांची आहेत, तरी ती शाळा आपल्या माणसांनी शिक्षणासाठी काय केले याची साक्ष देत उभी आहे. १८८० च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी अवराहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने कीर्तनाच्या रूपाने लावली. साक्या, दिंड्या, ओव्या यांतून तोरा ऐकणारा समाज जगात दुसरा असेल असे मला वाटत नाही.

तेव्हा मुलाला पूर्ण सिद्दूर उघडायला सांगू नका. महिन्याला एकच प्रार्थना घ्या आणि ती दोघांनी मिळून शब्दशः मराठीत उतरवा. पहिला महिना शेमाच्या पहिल्या ओळीचा असावा. शब्द सहाच आहेत. ‘शेमा’ म्हणजे ऐक, पण हिब्रूत ऐकण्यात मान्य करणेही येते, जसे मराठीत ‘तो माझे ऐकतो’ म्हणताना आपल्याला कानांबद्दल बोलायचे नसते. असे साम्य मुलाला स्वतःला सापडले की तो पुढचा शब्द आपणहून शोधू लागतो. चौदाव्या वर्षी त्याला कोणी शिकवलेले नको असते, त्याला स्वतः शोधलेले हवे असते. म्हणून पुढच्या पेसाहला हाग्गादेचा एक भाग मराठीत समजावून देण्याची जबाबदारी त्याच्यावर सोपवा.

आणि तो उलट प्रश्न विचारू लागला तर दडपू नका. पेसाहच्या रात्रीचे सुटकेचे कथनच घरातल्या लहानग्याच्या चार प्रश्नांनी सुरू होते. हाग्गादा चार मुलांची गोष्ट सांगते, आणि त्यांतला चौथा तो, ज्याला प्रश्नच विचारता येत नाही. त्याच्याबाबत वडिलांना सांगितले आहे की ‘तू त्याच्यासाठी सुरुवात कर’. तुमचा मुलगा आज त्या चौथ्याच्या जागी आहे असे समजा आणि एखादा प्रश्न तुम्हीच, त्याच्यासमोर, मनापासून विचारा. ज्याचे उत्तर तुम्हालाही माहीत नाही असा.

पनवेलहून एक वाचक लिहितात: आमच्या इमारतीत गणपती बसतात. शेजारच्या काकू माझ्या दहा वर्षांच्या मुलीला प्रसादाचा मोदक देतात. तिने घ्यावा की नाही? नाही म्हटले तर काकूंना वाईट वाटेल, आणि हो म्हटले तर माझे मन मला खाते.

उत्तर: आपल्या धर्मात दुसऱ्या देवतेपुढे ठेवलेला नैवेद्य खात नाहीत आणि यात पळवाट काढण्यात अर्थ नाही. दिवाळीचा फराळ हा शेजाऱ्याचा पाहुणचार आहे. तो शाकाहारी असल्याने आमच्या घरात आनंदाने घेतला जातो. नैवेद्याचे तसे नाही. दहा वर्षांच्या मुलीला हा फरक समजतो, समजावणाऱ्याचा स्वर घाबरलेला नसला म्हणजे झाले. तिला शिकवायचे आहे ते दोन भागांत आहे आणि दुसरा भाग पहिल्याइतकाच मोठा आहे. पहिला भाग हा की आपण घेत नाही. दुसरा हा की काकूंच्या श्रद्धेकडे पाहून नाक मुरडायचे नाही, हात मागे ओढायचा नाही, मैत्रिणींमध्ये त्याविषयी हसायचे नाही. ‘काकू, आमच्यात देवापुढचा नैवेद्य घेत नाहीत, पण तुमच्या घरी बसून पाणी प्यायला मला आवडेल’, असे तिने नीट उभे राहून, नजरेला नजर देऊन म्हणावे. या भूमीत आपल्याला शतकानुशतके कोणी धर्म सोडायला लावला नाही, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या शेजाराशी आपले वागणे त्याला साजेसे असले पाहिजे. त्याआधी तुम्ही स्वतः एकदा काकूंशी बोला, म्हणजे सगळा भार मुलीवर पडणार नाही. माझा अनुभव असा की धर्म पाळणाऱ्या माणसाला दुसऱ्याचा नेम लवकर कळतो.

याच दिवसांच्या आगेमागे आपला रोश हाशाना येतो. गहू भिजवून, वाटून, चीक काढून नारळाच्या दुधात चिकाचा हलवा करा आणि मुलीला तो ढवळायला बसवा. तासन्‌तास ढवळावा लागतो, हात भरून येतो, आणि त्या वेळात बोलणे खूप होते. नारळाचे दूध का, तर मांसाच्या जेवणाबरोबर दुधाचे पदार्थ आपल्याला चालत नाहीत, म्हणून आपल्या सुगरणींनी कोकणातल्या माडाकडून उत्तर घेतले. वड्या पडल्या की पहिली ताटली काकूंकडे मुलीच्याच हातून पाठवा. त्या गणपतीत तिने काय घेतले नाही हे काकू विसरतील, सणाला तिने काय आणले ते लक्षात ठेवतील.

जाता जाता: बाजारात जाताना मुलीला बरोबर न्या. पापलेट आणि बांगडा टोपलीतून उचलायला सांगा, कोळंबी आणि चिंबोरी का नको ते कोळीणबाईंसमोर विचारा. राहाबींनी घेतलेली परीक्षा अजूनही तशीच घेता येते.

पुण्याहून एक नऊ वर्षांचा वाचक लिहितो: मला चित्रे काढायला आवडतात. आई म्हणते शब्बाथला चित्र काढायचे नाही. पण चित्र काढणे हे काम नाही, मला तर त्यात मजा येते. मग का नाही? आणि मी खाऊच्या पैशांतून सेदाकाच्या, म्हणजे दानाच्या, डब्यात किती टाकू?

उत्तर: बाळ, तुझे पत्र स्वच्छ अक्षरातले आहे आणि प्रश्न मोठ्या माणसांनी विचारावा असा आहे.

मोशे राबेनूंच्या वेळी रानात देवासाठी एक पवित्र तंबू उभारायचा होता. त्यासाठी लोक कापड विणत होते, रंगवत होते, फळ्यांवर खुणा लिहीत होते, शिवत होते. ही सगळी सुंदर कामे होती आणि ती करताना त्यांनाही नक्कीच मजा येत असेल. तरी त्यांना सांगितले गेले की सातव्या दिवशी हेसुद्धा थांबवा. त्या कामांवरून आपल्या गुरूंनी ३९ प्रकारची कामे मोजली, आणि लिहिणे, रेघ काढणे त्यांत येते. शब्बाथला ‘काम’ म्हणजे दमवणारे काम असे नसते. नवी वस्तू घडवणे म्हणजे काम. देवाने सहा दिवस जग घडवले आणि सातव्या दिवशी घडवणे थांबवले, म्हणून आपणही त्या दिवशी काही घडवत नाही, जे आहे ते पाहतो. तू चित्रकार आहेस, तर शनिवार हा तुझा पाहण्याचा दिवस आहे. पुण्यातले आपले ‘लाल देऊळ’, म्हणजे ओहेल दाविद सिनेगॉग, तू पाहिले असशील. पुढच्या शब्बाथला तिथे गेलास तर त्याच्या विटांचा रंग सकाळी कसा दिसतो आणि मनोरा वर कसा निमुळता होत जातो ते नीट पाहून ठेव.

सेदाकाचे सांगते. मोठी माणसे कमाईचा दहावा भाग देतात. तुला दहा रुपये मिळाले तर एक रुपया डब्यात टाक, शुक्रवारी दिवा लागण्यापूर्वी, कारण शब्बाथला आपण पैशांना हात लावत नाही. पण पैसे हा सेदाकाचा एक भाग झाला. मोशे बेन माइमोन नावाच्या मोठ्या गुरूंनी देण्याच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. सगळ्यांत वरची पायरी अशी की समोरच्याला आपल्या पायांवर उभे राहता येईल अशी मदत करावी. ते तू मोठा झालास की करशील. आज तुला करता येईल असे एक काम आहे. तुमच्या सिनेगॉगमध्ये एकटे राहणारे एखादे आजी किंवा आजोबा येत असतील, ज्यांची मुले इस्राएलला राहतात. आईबरोबर त्यांच्या घरी जा. आजाऱ्याला भेटायला गेलेला माणूस त्याच्या दुखण्याचा साठावा हिस्सा घेऊन जातो, असे आपल्या तालमूदमध्ये म्हटले आहे. घरात कुत्रा, मांजर किंवा पक्षी असेल तर स्वतः जेवण्याआधी त्याला खायला घाल, तेही गुरूंनीच सांगितले आहे.

शब्बाथला जे पाहशील त्याचे चित्र रविवारी काढ आणि आमच्या पत्त्यावर पाठव. पुढच्या अंकात याच पानावर ते छापू.